रसायनशास्त्र आणि ताजवा



ज्या शिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांच्या तसबिरीस हार घालून वक्ता बोलावयास उभा राहिला, म्हणजे त्याने राष्ट्राची सद्यःस्थिती, वाङ्मयाचे प्रयोजन किंवा संतांची शिकवण यांपैकी एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक पडून गेलेला आहे. मी ‘प्राथमिक रसायनशास्त्र’ असे कळविले तेव्हा चालकांनी ते दोनदा विचारून घेतले, आणि नंतर मोठ्या मनाने मान्य केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु ज्या गृहस्थांनी आपले सारे आयुष्य फळा, खडू आणि पोरे यांच्यात घालविले, त्यांच्या स्मृतीस आठवी-नववीच्या पुस्तकातील विषयाइतका शोभणारा दुसरा विषय कोणता?

रसायनशास्त्राची आणि आपल्या मुलांची पहिली गाठ पडते ती कशी? अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग, संयुजा या शब्दांची एक पलटण पुस्तकाच्या दारातच उभी असते आणि आत जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाची झडती घेते. व्याख्या पाठ असली तर आत, नसली तर बाहेर! वस्तू दाखविण्यापूर्वी तिचे नाव घोकून घ्यावयाचे, आणि नाव पाठ झाले म्हणजे वस्तू दाखविण्याचे प्रयोजन उरले नाही असे समजावयाचे, ही आपली रीत. या रीतीने मुले उत्तीर्ण होतात. रसायनशास्त्र तेवढे त्यांच्या वाट्याला येत नाही. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. हे शास्त्र वस्तूकडे पाहण्यापासून आणि ती तोलण्यापासून सुरू होते. नावे मागाहून येतात. पाहण्यासाठी आणि तोलण्यासाठी लागणारी सामग्री तुमच्या या विरार-वसईच्या मुलखात जितकी विपुल आहे, तितकी मोठमोठ्या शहरांतील प्रयोगशाळांच्या कपाटांतही नसेल.

प्रथम मीठ घेऊ. वसई, नायगाव, भाईंदर या पट्ट्यातून आगगाडीने जाताना खाडीच्या कडेची मिठागरे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. पाहिली आहेत म्हणजे डब्याच्या दारातून, गर्दीत उभे राहून, दुसऱ्याच्या कोपराखालून पाहिली आहेत. एकदा बांधावर उतरून पाहावी. पाऊस सरला की खाजणातील बांधबंदिस्ती होते, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन कोंडले जाते, आणि मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे पुढे सोडीत नेले जाते. का बरे? एकाच वाफ्यात सारे पाणी आटवले तर काय बिघडते? मिठागरातला अनुभवी माणूस पाण्याचा रंग पाहून, बोटाला लागलेला चिकटपणा पाहून, ते पुढे केव्हा सोडावयाचे हे सांगतो. तो जे करतो त्यातच रसायनशास्त्राचा पहिला धडा आहे.

समुद्राचे पाणी हे मिश्रण आहे. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तुमच्या घरची दहा लिटरची बादली समुद्रावरून भरून आणली आणि आटवली तर तळाशी साधारण साडेतीनशे ग्रॅम पांढरा गाळ उरेल. त्यातील तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग आपले खाण्याचे मीठ. बाकीच्यात मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे, पोटॅशियमचे क्षार. हे सारे एकमेकांत मिसळलेले असतात, पण त्यांनी आपापला स्वभाव सोडलेला नसतो, आणि प्रत्येकाची पाण्यात विरघळून राहण्याची ताकद निराळी. पाणी आटून मूळच्या सुमारे पंचमांशावर आले की जिप्सम खाली बसू लागते. गणेशोत्सवात ज्या प्लास्टरच्या मूर्तींवरून दरवर्षी वादंग माजते, ते प्लास्टर या जिप्समलाच भाजून होते. पाणी दशांशाच्या आसपास आले की मीठ खडे धरू लागते. त्या वेळी ते पाणी जिप्सम मागे ठेवून पुढच्या वाफ्यात आलेले असावे लागते. आणि मीठ धरून झाल्यावर जे कडू पाणी उरते ते बाहेर काढून द्यावे लागते. ते वेळेवर काढले नाही तर त्यातील मॅग्नेशियमचे क्षार मिठाच्या खड्यांना चिकटतात. मॅग्नेशियम क्लोराइडाला हवेतील ओल ओढून घेण्याची विलक्षण खोड. आषाढात ज्यांच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, त्यांनी पावसाला दोष देण्यापूर्वी मिठागरातील शेवटच्या वाफ्याचीही चौकशी करावी.

मिश्रण म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ कोणते पुस्तक सांगेल? ज्याचे घटक हव्या त्या प्रमाणात असू शकतात, आपापले गुण राखतात आणि उन्हासारख्या, गाळण्यासारख्या साध्या उपायांनी निराळे करता येतात, ते मिश्रण. पावसाळ्यात वैतरणेच्या मुखाशी पाणी अळणी होते, वैशाखात खारट. दोन्ही समुद्राचेच पाणी, दोन्ही मिश्रणेच.

आता त्या वाफ्यातला एक खडा उचला. हा शुद्ध केलेला खडा वसईचा आहे की दूर राजस्थानातील सांभर सरोवराचा, हे कोणी सांगू शकेल काय? १९३० साली ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, तेथले मीठ घ्या, नाहीतर पोलंडच्या खाणीतले घ्या. मळ आणि ओल काढून टाकल्यावर त्या प्रत्येकात २३ भाग सोडियम आणि ३५.५ भाग क्लोरीन, वजनाने, हेच प्रमाण निघेल. एक गुंजही कमीअधिक नाही. जे समुद्राच्या पाण्याला लागू नव्हते ते मिठाला लागू पडते, आणि मिश्रण व संयुग यांमधील सीमा नेमकी येथून जाते.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. हे सोडियम म्हणजे सुरीने कापता येईल इतका मऊ, चकचकीत धातू. हम्फ्री डेव्हीने तो १८०७ साली विजेच्या साहाय्याने प्रथम निराळा काढला. पाण्यात टाकला तर पेट घेण्याइतका तो तापट, म्हणून त्यास रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. क्लोरीन म्हणजे पिवळसर हिरवा, घसा जाळणारा वायू. १९१५ च्या एप्रिलात बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने तो सोडला आणि हजारो शिपाई गुदमरले. आणि या दोघांच्या संयोगातून जे निर्माण होते ते आपण वरणात घालतो! सोडियमचा तापटपणा कोठे गेला? क्लोरीनचे विष कोठे गेले? संयुगात घटकांचे गुण उरत नाहीत. उरते ते फक्त त्यांचे वजन. मुलांनो, आजच्या व्याख्यानातले एकच वाक्य वहीत लिहावयाचे असेल, तर हे लिहा.

यावरून मी चुन्याकडे वळतो, आणि येथे थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सबंध प्राथमिक रसायनशास्त्र चुन्याच्या भट्टीत सामावलेले आहे.

हा जीवदानीचा डोंगर, आणि मुलखातील बहुतेक सारे डोंगर, काळ्या कातळाचे, बेसॉल्टचे. त्यात चुनखडक नाही. मग कोकणच्या जुन्या इमारतींना, देवळांना, विहिरींच्या बांधणीला चुना आला कोठून? पुष्कळसा आला तो तिसऱ्यांच्या, कालवांच्या, खुब्यांच्या टरफलांतून. जेवून उरलेले शिंपले आपण परसात फेकतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी त्यांचे ढीग करून भट्टीत भाजीत. भाजलेला शिंपला दिसावयास जवळजवळ तसाच असतो. आकार तोच, पांढरेपणा थोडा अधिक. पण हातात घेतल्यावर? तो हलका लागतो. चांगलाच हलका लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक नावाच्या वैद्याने हीच गोष्ट तोलून पाहिली, आणि जो प्रश्न शतकानुशतके भट्ट्या पेटविणाऱ्या कोणाही माणसाने विचारला नव्हता तो विचारला: कमी झालेले वजन गेले कोठे?

त्याने शोधून काढले की भाजताना शिंपल्यातून, चुनखडकातून, एक अदृश्य वायू निघून जातो. आज आपण त्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतो. शंभर भाग शुद्ध शिंपला भाजला तर ५६ भाग कळीचा चुना मागे राहतो आणि ४४ भाग वायू होऊन भट्टीच्या तोंडातून निघून जातो. भट्टीवाल्याच्या डोळ्यांदेखत जवळजवळ निम्मा माल हवेत जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो! पुढे हा कळीचा चुना हौदात टाकून वर पाणी ओततात. ज्यांनी गवंड्याच्या हाताखाली काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, की खाली विस्तव नसताना ते पाणी रटरट उकळू लागते, वाफा निघतात, ढेकळे फुटून त्यांचे पीठ होते. पोरांना तेथून हाकलून लावतात ते उगीच नव्हे, डोळ्यात उडाले तर डोळा जावयाचा. या वेळी ५६ भाग चुना १८ भाग पाणी गिळतो आणि ७४ भाग होतो. मिळालेले पाणी पुन्हा पिळून काढता येत नाही, कारण ते आता पाणी राहिलेलेच नाही. हा विरलेला चुना वाळूत कालवून दगडांच्या सांध्यात भरला, की तो दिवसांनी, महिन्यांनी, आतल्या थरांत तर वर्षानुवर्षांनी, हवेतून तोच ४४ भाग वायू परत घेतो. ७४ आणि ४४ मिळून ११८. त्यातले १८ भाग पाणी बाहेर पडून वाळते. मागे उरले शंभर.

शंभर! म्हणजे आपण जेथून निघालो तेथेच आलो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर त्यांनी उभारलेला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने सर केलेला तो किल्ला आपण पाहावयास जातो, तेव्हा त्याच्या सांध्यांतला चुना, मुळात तो शिंपल्यांचा असो वा कंकराचा असो, आज पदार्थ म्हणून पुन्हा शिंपलाच झालेला आहे. आगीत त्याने जे गमावले ते हवेने सावकाश भरून दिले.

हा वायू खरोखरच आहे काय, हे आपण येथेच पाहू. या पेल्यात चुन्याची निवळी आहे. पानाला लावण्याचा चुना रात्री पाण्यात ढवळून ठेवला आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी ओतून घेतले, एवढीच तिची कृती. (येथे सभेतील एका विद्यार्थिनीने पुढे येऊन नळीने निवळीत हळूहळू फुंकर घातली. निवळी दुधासारखी पांढरी झाली.) पाहिलेत? तिच्या श्वासातल्या वायूने त्या पेल्यात शिंपल्याचेच द्रव्य तयार केले. बाई, थांबू नकोस, आणखी फुंक. (फुंकर चालू राहिल्यावर पांढरेपणा विरत जाऊन पाणी पुन्हा निवळले.) आता टाळ्या वाजविण्यापूर्वी विचार करा. वायू थोडा मिळाला तर साका बसतो, अधिक मिळाला तर तोच साका विरघळतो. आपल्या काही विहिरींच्या पाण्यात तो याच रूपाने दडलेला असतो. ते पाणी तापविले की जास्तीचा वायू निघून जातो आणि बंबाच्या आत पांढरा थर चढतो. म्हणजे तिने पेल्यात जे केले त्याच्या उलट तुमच्या घरचा बंब रोज करीत असतो.

ब्लॅकने जे चुन्यापुरते केले, ते सर्व पदार्थांना लागू करणारा माणूस फ्रान्समध्ये निघाला. आंत्वान लाव्हाज्ये हा व्यवसायाने काही अध्यापक नव्हता. राजाच्या करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळीत त्याची भागीदारी होती, आणि त्या मक्त्यात मिठावरील कुप्रसिद्ध करही होता. दिवसा कराचे दफ्तर पाहणारा हा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेतही दफ्तरच ठेवीत असे. सावकाराच्या वहीत जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जशी पैशापर्यंत जुळावी लागते, तशी प्रत्येक रासायनिक क्रियेची जुळली पाहिजे. न जुळली तर निसर्गाने अफरातफर केली असे न समजता आपलीच कोठेतरी नोंद राहून गेली, एखादा वायू निसटला, एखादी ओल मोजावयाची राहिली, असे समजावे, हा त्याचा हट्ट. १७८९ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि त्याच साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. मक्तेदारांवरील जनतेचा रोष त्यालाही भोवला. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मिठावर कर बसविणाऱ्यांविषयी मला ममत्व नाही, आपणासही नसावे; तरी त्या दिवशी जे मस्तक गेले त्याबद्दल आजही वाईट वाटते.

आणि मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. २३ ला ३५.५च का? ५६ ला ४४च का? हवे तेवढे सोडियम हव्या तेवढ्या क्लोरीनशी का जोडता येत नाही? इंग्लंडातील एका साध्या शाळामास्तराने, जॉन डाल्टनने, १८०८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले: पदार्थ अणूंचा बनलेला आहे, एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्या वजनाचे, आणि ते जुळतात ते अखंड संख्येने, एकास एक, एकास दोन, दोनास तीन; अर्धा अणू जोडता येत नाही. एकाच मूलद्रव्यात थोड्या निराळ्या वजनाचे अणू सापडतात हे पुढे कळले, पण मूळ कल्पना टिकली. लक्षात घ्या, डाल्टनने अणू पाहिला नव्हता. तो पाहण्याचे साधनही जगात नव्हते. अणू आहेत हे त्याला वजनांच्या प्रमाणावरून कळले. आपण मात्र मुलाला पहिल्या दिवशी अणू सांगतो, त्याभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन सांगतो, त्यांची कवचे सांगतो, आणि ज्या पुराव्यावरून हे सारे मानावे लागले तो पुरावा सांगत नाही. मुलाने मग ते मानावे तरी कशावरून? गुरुजी म्हणतात म्हणून? शास्त्रात तो आधार चालत नाही.

मोल नावाच्या ज्या मापाला अकरावीची मुले इतकी भितात, तेही याच हिशेबातले. अणू एकेक मोजणे अशक्य, म्हणून ते तोलून मोजावयाचे. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम एका घोटात, ६ वर २३ शून्ये मांडून होतील त्याहून थोडे अधिक रेणू असतात, ५८.५ ग्रॅम मिठात सोडियमच्या आणि क्लोरीनच्या जोड्या तेवढ्याच. यापलीकडे त्या मापात गूढ काही नाही.

आम्ल आणि अल्कली यांविषयी लांबण लावीत नाही. समोर बसलेल्या भगिनींना ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो पिवळ्याचा लाल होतो. पूर्वी हळदीला चुना देऊन कुंकू करीत ते याच गुणावर. या कागदाला हळद फासली आहे. चुन्याची निवळी टाकली, लाल झाला. आता लिंबू पिळतो, पुन्हा पिवळा. लिंबातल्या आम्लाने चुन्यातल्या अल्कलीचा जोर मारला. परदेशातून मागविलेल्या लिटमसच्या कागदावाचून आमच्या शाळेत हा प्रयोग अडला आहे, असे ज्यांनी मला सांगितले त्यांच्या घरी हळद नव्हती काय?

आता धातू. नालासोपारे येथून जवळच. तेथील बुरूड राजाच्या कोटाचे टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिलात उकरविले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे उघड झाले. आत दगडी पेटी. तीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांच्या गाभ्यात सोन्याचा करंडक, त्यात मातीच्या पात्राचे तुकडे आणि सोन्याची फुले. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. ज्यांनी हे करंडक एकात एक बसविले त्यांनी मोलाचा क्रम लावला, बाहेर हलके, आत भारी. पण तोच क्रम, स्फटिक आणि दगड वगळले तर, धातूंच्या रासायनिक स्वभावाचाही क्रम आहे! तांब्यावर हवा, ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवट थर चढवितात. चांदीला प्राणवायू सहसा शिवत नाही, गंधक मात्र काळवंडवितो. सोन्याला दोघांपैकी कोणीच काही करू शकत नाही. सोने मोलाचे का झाले, याच्या अनेक कारणांत हेही एक कारण.

जो धातू प्राणवायूशी सहज जुळतो त्याला खनिजातून सोडविणे कठीण, आणि जो जुळत नाही तो नदीच्या वाळूतही चमकत पडलेला सापडतो. माणसाला सोने आणि तांबे आधी गवसले, लोखंड फार मागाहून, आणि ॲल्युमिनियम तर एकोणिसाव्या शतकात, हा इतिहासाचा क्रमही त्याच स्वभावाने ठरविला.

हे जवळून पाहावयाचे तर कल्हईवाल्यासमोर बसावे. आता तो क्वचितच येतो. स्टीलने त्याचा धंदा बसविला. परंतु ज्यांनी त्यास अंगणात भट्टी मांडताना पाहिले आहे त्यांनी आठवावे. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, म्हणजे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या आंबट रसात तांबे थोडे थोडे उतरते आणि अन्न बाधते. म्हणून आत कथलाचा पातळ लेप हवा. कल्हईवाला भांडे राखेने, वाळूने घासून घेतो, भाता मारून तापवितो, आणि आत कथलाची कांडी टेकवून पाहतो. कथील २३२ अंशांना वितळते, तेव्हा कांडीने ओल धरली की भांडे तयार झाले हे त्याला उष्णतामापकावाचून कळते. मग चिमूटभर नवसागर टाकतो, भपकन पांढरा धूर उठतो, आणि त्या धुरातच कापसाचा बोळा एका हिसड्याने गोल फिरवून तो साऱ्या भांड्याला चांदीची झळाळी आणतो. मुले त्या झळाळीकडे पाहतात. मी म्हणतो, धुराकडे पाहा! तापलेल्या पितळेवर प्राणवायूशी जुळलेल्या धातूचा एक सूक्ष्म थर क्षणात धरतो आणि त्या थरावर कथील चिकटत नाही. नवसागर उष्णतेने दुभंगतो, एक अमोनिया आणि दुसरा तीव्र आम्लवायू; आम्लवायू तो थर काढून टाकतो आणि उघड्या धातूवर कथील बसते. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत गेल्यावर पुन्हा एकमेकांस भेटतात आणि पांढरा नवसागर होतात. धूर म्हणून जो दिसतो तो नवसागरच. कल्हईवाल्याने यातली एकही संज्ञा ऐकलेली नसते, पण क्रिया त्याच्या हातांत मुरलेली असते. आमच्या विद्यार्थ्याला संज्ञा साऱ्या पाठ असतात. या दोघांची गाठ घालून द्यावी एवढीच शिक्षकाची कामगिरी, आणि कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडकांनी गेल्या शतकाच्याही मागे शास्त्रावरील ग्रंथ मराठीत लिहावयास घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच कामगिरी असावी असे मला वाटते.

शेवटी एक प्रयोग करून थांबतो. हा सोनाराचा ताजवा. दोन्ही पारड्यांत लोखंडाच्या बारीक तारेची लोकर सारख्या वजनाची ठेवली आहे; काटा मध्यावर आहे. डाव्या पारड्याखाली पत्रा घातला आहे, त्यातील लोकर मी आता पेटविणार. पेटल्यावर डावे पारडे वर जाईल की खाली? वर जाईल म्हणणाऱ्यांनी हात वर करा. (बहुतेक सर्व विद्यार्थ्यांनी आणि पुष्कळ वडीलमंडळींनी हात वर केले.) लाजू नका. लाकूड जळते, हलके होते. कागद जळतो, राख उडून जाते. तेव्हा जळणे म्हणजे काहीतरी निघून जाणे, असे युरोपातील थोर पंडितही शंभर वर्षे म्हणत होते आणि त्या निघून जाणाऱ्या द्रव्याला त्यांनी फ्लॉजिस्टन असे नावही देऊन ठेवले होते. (वक्त्यांनी लोकर पेटविली. ठिणग्या धावत गेल्या, लोकर निळसर काळी पडली, आणि डावे पारडे खाली गेले.)

लाकडाच्या बाबतीत जळून झालेले पदार्थ वायुरूप असतात आणि निसटून जातात, म्हणून आपणास ते हलके झाल्याचा भास होतो. त्या वायूंसकट तोलले तर तेही जडच भरेल. लोखंडाच्या बाबतीत जळून झालेला पदार्थ पारड्यातच राहिला, आणि या दिवाणखान्यातील हवेतून त्याने जो प्राणवायू घेतला त्याचे वजन ताजव्याने दाखविले. तुमच्या घराच्या खिडकीचे गज समुद्राच्या वाऱ्याने गंजतात, तेथेही विस्तवावाचून, पाण्याच्या साहाय्याने, सावकाश हेच चालले आहे. ११२ किलो लोखंड पुरते प्राणवायूशी जुळले तर त्याचे, सोबतचे पाणी सोडून, १६० किलो होते. ते अठ्ठेचाळीस किलो पुन्हा काढून टाकण्यासाठीच पोलादाच्या कारखान्यांत दगडी कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होतात.

ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी पुढे यावे. डावे पारडे अजून तापलेले आहे, त्यास हात लावू नये.